पाचव्या पिढीचे अन्न

दोष दोन वाटांनी घडतो. एक वाट लोभाची, दुसरी दयेची. लोभाने केलेले कृत्य माणसाला केव्हा ना केव्हा टोचू लागते, कारण त्याचे खरे रूप त्याने करतानाच पाहिलेले असते. दयेने घडलेला दोष मात्र चांगुलपणाचे वस्त्र पांघरून येतो. तो ज्याच्या हातून घडला, तो स्वतःला अपराधी म्हणायला तयार होत नाही आणि निर्दोष म्हणवून घ्यायलाही धजत नाही. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो अडकून पडतो. श्रीधर त्या जागेत दोन वर्षे अडकला होता.

"काका, जावयाचं जेवण झालं का?" मृण्मयीने दारातूनच विचारले.

श्रीधरने सूक्ष्मदर्शकावरची नजर उचलली नाही. "झालं. भरपेट जेवला."

"मग आज त्या दोन नळ्या भरून ठेवा ना. चारला कुरिअरवाला येणार आहे. सरांनी सकाळपासून तीनदा विचारलं."

"भरतो."

पडेगावच्या रस्त्यावरील त्या संशोधन केंद्रात श्रीधर एकतीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होता आणि त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मृण्मयी तिथली संशोधक विद्यार्थिनी. ज्याला ती जावई म्हणत होती तो कोणी मनुष्य नव्हता. तो एक पेशीवंश होता. यकृताच्या कर्करोगाच्या गाठीतून वेगळ्या केलेल्या पेशी चपट्या बाटलीत, शरीराइतक्या उबेत, तांबूस द्रवावर जगत होत्या. बाटली भरली की त्यांतल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या. विरजण लावावे तसे. अशी प्रत्येक बदली म्हणजे एक पिढी. दर तिसऱ्या दिवशी त्यांचे जुने अन्न काढून नवे घालावे लागे. त्याला सण, सुटी, सुतक यांतले काहीही आड येत नसे. म्हणून केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी त्याचे नाव जावई ठेवले होते.

श्रीधरची पत्नी सरोजिनी हिला हे नाव फारसे रुचले नव्हते. तिची लेक स्वरदा नागपूरला दिलेली. "त्या बाटलीतल्या जावयापायी खऱ्या जावयाच्या उंबऱ्याला चार वर्षांत पाय लागला नाही तुमचा," असे ती पोळ्या लाटता लाटता म्हणे. पहिली दोन वर्षे श्रीधर दुसऱ्या कोणाच्या हाती बाटली देत नव्हता, कारण त्याचा कोणावर विश्वास नव्हता. नंतरची दोन वर्षे तो ती देत नव्हता, कारण कोणी ती बारकाईने पाहील अशी त्याला भीती होती. बाहेरून दोन्हींत काही अंतर दिसत नव्हते.

त्या खोलीला खिडकी नव्हती. एकामागे एक दोन दारे होती, आणि मागचे मिटल्याखेरीज पुढचे उघडत नसे.

ज्यांच्या गाठीतून हा वंश निघाला ते काकासाहेब खुलताबादजवळच्या वाडीचे शेतकरी. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू वर्षानुवर्षे रक्तात राहिला आणि त्यातून यकृतात गाठ झाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी संमतीपत्र घेऊन श्रीधरच त्यांच्याकडे गेला होता. काकासाहेबांनी कागद दोनदा वाचून घेतला, मग घोंगडीवरची काडी उचलावी तितक्या सहजतेने म्हणाले, "कापून टाकनारच हाय ना? मग टाकू नका. कामाला लावा. माझ्या थोरल्याच्या रक्तात बी हेच इख हाय म्हनत्यात. त्याच्यासाठी कायतरी निघंल."

सही करताना त्यांनी वर पाहिले. "त्येला खायाला काय घालता?"

"असतं एक औषधी पाणी," श्रीधर म्हणाला होता. त्या पाण्यात गर्भस्थ वासराच्या रक्ताचा अंश असतो हे त्याने काकासाहेबांना सांगितले नाही. सरोजिनीलाही कधी सांगितले नव्हते.

काकासाहेब सात महिन्यांनी गेले. पेशी राहिल्या. त्या इतक्या मंद वाढत की केंद्राचे प्रमुख डॉ. विश्वजित यांनी दोनदा आशा सोडली. बाटलीचा तळ झाकायला सहा-सहा महिने लागत. पण त्यांत काविळीच्या विषाणूचा अंश सापडला होता, आणि तीच त्यांची थोरवी होती. अशा रोग्यांवरची औषधे तपासायला असाच वंश हवा होता. श्रीधरने त्यांना दुसऱ्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंत अक्षरशः हाताच्या उबेने आणले.

आणि मग ते दिवस आले. सिरमची, म्हणजे अन्नात मिसळायच्या वासराच्या रक्तातल्या त्या अंशाची, पेटी दहा दिवस वाटेत अडकली. बाटलीतला द्रव पिवळा पडू लागला, पेशींच्या कडा सुरकुतल्या, काही तळापासून सुटून तरंगू लागल्या. शेजारच्या टेबलावर विद्यार्थी दुसरा एक वंश वाढवत, परदेशातून आलेला जुना, दांडगा, कोठेही रुजणारा. त्याच्यासाठी उघडलेल्या अन्नाची अर्धी बाटली शीतकपाटात होती. नियम असा की एका वंशासाठी उघडलेली बाटली दुसऱ्याला लावायची नाही; अन्न घालणारी नळी बाटलीत परत जाते, आणि तिच्या टोकाला परक्या वंशाची एखादी पेशी असली तर दुसरा वंश बुडवायला तेवढी पुरते.

श्रीधरला हा नियम पुस्तकाने शिकवावा लागला नव्हता. त्याचे वडील पैठणला पुराण सांगत. त्यांच्या घरी दाराशी आलेल्याला उष्टे वाढत नसत. ताजे अन्न नसेल तर वडील हात जोडून म्हणत, आज नाही. "उपाशी गेलेला उद्या येईल," ते सांगत, "उष्टे खाऊन गेलेला आपल्यामुळे बाटून गेला." अशा घरात वाढलेल्या माणसाने त्या दिवशी ती अर्धी बाटली हाती घेतली, कारण समोर कोणी उपाशी मरत होते आणि हात जोडून नाही म्हणणे त्याला जमले नाही.

पेशी जगल्या. सहाव्या पिढीत त्यांनी बाळसे धरले. आठव्या पिढीत त्या दोन दिवसांत दुप्पट होऊ लागल्या. केंद्रात पेढे वाटले गेले. श्रीधरने आपला पेढा खिशात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून त्या गोल, घट्ट पुंजक्यांकडे पाहत राहिला. तसे पुंजके त्याने पूर्वी पाहिले होते, शेजारच्या टेबलावर.

तरी त्याने स्वतःला समजावले की पेशी रुळल्या असतील. पुढे मृण्मयी आली आणि तिने विषाणूचा अंश शोधायला घेतला. तो सापडेना. डॉ. विश्वजितांनी तिला सर्वांसमोर सांगितले की आधीच्या विद्यार्थ्याला सापडला आणि तुला सापडत नाही याचा अर्थ स्पष्ट आहे. दोन महिने ती तीच तपासणी पुनःपुन्हा करत होती. एकदा संध्याकाळी हात धुण्याच्या जागी ती रडत उभी होती. "माझ्याच हातात दोष आहे, काका," ती म्हणाली. श्रीधरने तिला चहा आणून दिला.

आता शोधनिबंध तयार होता. हा वंश देशाच्या पेशीपेढीत ठेवायचा, म्हणजे तो सर्व प्रयोगशाळांना मिळेल, असे ठरले होते. त्यासाठी एकच पुरावा राहिला होता. एका नळीत काकासाहेबांच्या राखून ठेवलेल्या रक्तातले जनुकद्रव्य, दुसरीत बाटलीतल्या पेशींचे. हैदराबादच्या प्रयोगशाळेने दोन्ही एकाच माणसाची आहेत असे म्हणायचे.

दुपारी दोन वाजता श्रीधरने पहिली नळी रक्तातल्या द्रव्याने भरली. दुसरीसाठी त्याने बाटलीतल्या पेशींचे द्रव्य समोर ठेवले होते. दोन्ही द्रव पाण्यासारखे निवळ. डोळ्यांना काही भेद नाही. त्याचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा पहिल्याच कुपीकडे वळला. दुसरी नळीही त्याने रक्तातल्याच द्रव्याने भरली. झाकण लावले, चिठ्ठी डकवली, बर्फाच्या पेटीत ठेवून पेटीला पट्टी मारली. सारे मिळून पाच मिनिटे लागली. चौदा महिने, मृण्मयीची पदवी, केंद्राचे नाव, सारे त्या पेटीत सुरक्षित झाले होते. तो दुसऱ्या दाराची वाट पाहत मधल्या चौकात उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपण मागचे दार ओढून घ्यायचे विसरलो आहोत, आणि म्हणून पुढचे उघडत नाही.

बाहेर बाकावर सरूबाई बसली होती. काकासाहेबांची ही विधवा दर तीन महिन्यांनी मुलाचे रक्त तपासायला शहरात येई आणि जाताना पडेगावला उतरून इथे डोकावे. तिच्या मांडीवर सीताफळांची पिशवी होती.

"भाऊ, ऱ्हाऊ द्या काम. दोन मिनिटं बसा," ती म्हणाली. "मालक कसे हायती?"

"बरे आहेत."

"सोमनाथचा रिपोट आला. लिवर कडक व्हायलंय म्हनले. पोरगं घाबरलं हो. घास उतरंना त्येच्या." तिने पदर सारखा केला. "मी त्येला म्हनलं, येड्या, हितली औषधं तुझ्या बापावर तपासून मगच तुला देतील. बाप पोराला वंगाळ काय लागू देईल व्हय? तवा जरा जेवला."

श्रीधर बाकाच्या कडेवर टेकला.

"एक बोलू का? हसू नका."

"बोला."

"ती तुमची हितली पोरगी मागल्या बारीला म्हनली, मालक लई झपाट्यानं वाढायलेत. खूश होती बिचारी. पर मला काय ते पटंना. आमचं मानूस लई दमाचं. जेवाया बसलं की तास. बाजाराला निघालं की बाजार उठायचा. बैल बी वैतागायचे त्येंच्यापुढं." ती पदराआड हसली. "म्या सोमनाथला म्हनलं, झपाट्यानं वाढत असंल तर त्यो तुझा बाप नाय."

हे बोलून ती आपल्याच थट्टेवर पुन्हा हसली आणि सीताफळे त्याच्या हाती देऊन बससाठी उठली. "कडक हायती अजून. दोन दिस ठिवा."

श्रीधर पिशवी धरून उभा राहिला. मग ती बाकावर ठेवून आत गेला.

कुरिअरवाला आलेला होता. "काका, पार्सल रेडी है ना? आगे तीन जगह जाना है मेरेकू."

"दहा मिनिटं थांब बाबा," श्रीधर म्हणाला, आणि मृण्मयीच्या टेबलावर पेटी ठेवून त्याने पट्टी फाडली.

"काका, काय करताय? सील केलं होतं ना?"

"दोन्ही नळ्यांत रक्ताचंच आहे. मी भरलंय. मुद्दाम."

तिला कळले नाही. तो उभ्या उभ्या सांगत गेला, सिरमची पेटी, पिवळे पडलेले अन्न, शेजारची अर्धी बाटली. "तुझा हात चुकला नाही. विषाणू सापडत नाही, कारण ज्यांच्यात तो होता त्या पेशी तिथं उरल्याच नाहीत. दुसऱ्यांनी त्यांना गिळलं."

मृण्मयीने पेटीतल्या बर्फाकडे पाहिले. "मी तुमच्यासमोर रडले होते," ती म्हणाली. "तुम्ही मला चहा पाजलात."

"व्हय," श्रीधर म्हणाला. एरवी घराबाहेर न येणारा तो शब्द त्याच्या तोंडून आला.

तिने दुसरी नळी उचलली, कचऱ्यात टाकली आणि बाटलीतल्या पेशींचे द्रव्य स्वतःच्या हाताने नव्या नळीत भरले. मग ती डॉ. विश्वजितांच्या खोलीकडे निघाली, आणि श्रीधर तिच्या मागून गेला.

डॉ. विश्वजितांनी आवाज चढवला नाही. ते खिडकीशी उभे राहून सर्व ऐकत होते. "श्रीधरराव, दोन वर्षं," एवढेच ते प्रथम म्हणाले. मग, "हे लिहून द्याल?"

"त्यासाठीच आलो."

"सगळं टाकावं लागणार. बिघाड केव्हा झाला ते ठाऊक नसेल तर गोठवून ठेवलेल्या एकाही कुपीवर विश्वास ठेवता येत नाही. कोण सांगणार केव्हा झाला?"

"मी सांगतो. पाचवी पिढी, सतरा मे, दुपारी. दुसऱ्या पिढीच्या पेशी गोठवलेल्या तीन कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहेत, खालच्या कप्प्यात. त्यांना ते अन्न लागलेलं नाही."

विश्वजित वळले. "चार वर्षांच्या कुप्या. उठतील त्या?"

"ते मला सांगता येणार नाही, सर. निर्मळ आहेत एवढं सांगता येतं."

"हे तुम्ही आज बोलला नसतात तर मी त्या उद्या फेकायला लावणार होतो. जागा हवी होती." ते खुर्चीत बसले. "तुमची चौकशी होईल. ती मला टाळता येणार नाही, टाळणारही नाही. आणि आजपासून त्या खोलीत जायचं नाही."

"नाही जात."

तीन आठवड्यांनी हैदराबादचा अहवाल आला. बाटलीतल्या पेशी काकासाहेबांच्या नव्हत्या. त्या दिवशी मृण्मयीने साऱ्या बाटल्यांत जंतुनाशक ओतले आणि पहिली कुपी टाकीतून काढली. श्रीधर दाराच्या काचेबाहेर स्टुलावर बसला होता. तिने कुपी कोमट पाण्यात धरली तेव्हा त्याने काचेपलीकडून दोन बोटे हलवली, सावकाश. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पण हाताची गती तिने कमी केली.

पहिल्या कुपीतले काही जगले नाही. दुसरी तिने दहा दिवसांनी काढली. त्यानंतर आठ दिवस ती श्रीधरशी काही बोलली नाही, आणि नवव्या दिवशी दारातून डोके बाहेर काढून म्हणाली, "अकरा पुंजके चिकटलेत."

"वाढ?"

"काही नाही. आहेत तसेच. आजारी दिसतात."

"तसेच दिसायचे पहिल्यापासून. घाई करू नको."

"तुम्ही मला शिकवू नका, काका." दार मिटू लागले आणि अर्ध्यावर थांबले. "उद्या अन्न सगळं बदलू की अर्धं?"

"अर्धं. ताज्या बाटलीतलं."

विषाणूचा अंश सापडायला आणखी दोन महिने गेले. पडद्यावर उमटलेली रेघ इतकी पुसट होती की तिने ती तिघांना दाखवून खात्री करून घेतली. श्रीधरला तिने ती चौथा म्हणून दाखवली.

सरूबाई माघात आली तेव्हा श्रीधरने तिला बाकावर बसवून सारे सांगितले. शास्त्र वगळले, कृत्य वगळले नाही. ती त्याचे तोंड निरखत ऐकत होती.

"का केलं वो असं?"

"उपाशी मरतील असं वाटलं."

"मालक उपाशी ऱ्हायले असते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं नसतं त्येंनी." तिच्या स्वरात राग नव्हता, नवऱ्याचा स्वभाव सांगावा तसे तिने ते सांगितले, आणि म्हणूनच श्रीधरला मान वर करता आली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "आन् आता हायती ते?"

"आता तेच आहेत. फार हळू वाढतात. महिन्याला एवढंसं."

"मंग तेच." तिने पिशवी उचलली. "सोमनाथला सांगते, येळ लागंल म्हनून."

चौकशी अजून संपलेली नाही. श्रीधरला खालच्या मजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत नेमले आहे. तिथे अन्नाच्या काचेच्या बाटल्या येतात. तो त्या साबणाने घासतो, नळाच्या पाण्याने विसळतो आणि ऊर्ध्वपातित पाण्याने सहा वेळा धुतो. नियम तीन वेळांचा आहे. मग बाटली उपडी करून उजेडासमोर धरतो. ही बाटली वर कोणत्या वंशाच्या वाट्याला जाईल हे त्याला कोणी सांगत नाही, आणि तो विचारत नाही. एकही थेंब काचेला धरून राहिलेला नाही अशी खात्री झाली की तो ती फडताळात ठेवतो आणि दुसरी उचलतो.

ज्याने आपल्या देहाचा अंश कोणासाठी तरी दिला त्याला शांती लाभो. घरी ज्याचा घास अडतो आहे त्याचा तो सुखाने उतरो. वरच्या खोलीत मंदपणे वाढणाऱ्यांना आणि त्यांना वाढवणाऱ्या हातांना पुरेसा अवधी मिळो. आणि खाली पाण्याशी उभ्या असलेल्या या माणसाचे, उरलेल्या दिवसांत, कल्याण असो.